विश्लेषण : ‘गेम बॉय’चे जनक गुनपेई योकोई कोण होते? जुन्या, स्वस्त तंत्रज्ञानातून त्यांनी व्हिडीओ गेमचे जग कसे बदलले?

व्हिडीओ गेमच्या इतिहासात सर्वाधिक खप कोणाचा, अशी यादी काढली तर जपानमधील क्योतोच्या निन्टेन्डो या कंपनीचे नाव पुन:पुन्हा येते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या चार कोटींहून अधिक, गेम बॉयवरच्या ‘टेट्रिस’च्या सुमारे साडेतीन कोटी आणि ‘डक हंट’च्या दोन कोटी ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या यशाचे श्रेय सहसा मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो यांना दिले जाते. पण त्यांच्या आधी या कंपनीत एक माणूस पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करत होता. गेमच्या रिमोटवरचे अधिकच्या चिन्हासारखे बटण त्याचे, गेम बॉय त्याचा आणि निन्टेन्डोचे सर्वात गाजलेले अपयशही त्याचेच. १९९७ मध्ये रस्ता अपघातात गेलेल्या गुनपेई योकोई यांची ही कहाणी.

पत्त्यांच्या कारखान्यात इंजिनीअर कशाला?

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो येथे झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले. गुण बेताचेच होते. मोठय़ा इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी दारात उभे केले नाही. शहर सोडायचे नव्हते, म्हणून १९६५ मध्ये मिळेल ती नोकरी धरली. ती नोकरी निन्टेन्डोत होती.

त्या काळची निन्टेन्डो आजच्या वाचकाला ओळखू येणार नाही. १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी सुरू केलेली ही कंपनी ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते तयार करत असे. १९४९ मध्ये त्यांचे पणतू हिरोशी यामाउची विशीतच कंपनीचे प्रमुख झाले. प्लास्टिकचे पत्ते, डिस्नेची चित्रे असलेले पत्ते असे करत त्यांनी धंदा वाढवला, पण साठच्या दशकाच्या मध्यावर पत्त्यांची मागणी आटली. टॅक्सी, झटपट भात असे भलतेसलते उद्योगही करून झाले होते. पैसा लागत होता आणि बुडत होता. अशा वेळी कारखान्यातली यंत्रे चालू ठेवण्यासाठी एक तरुण इंजिनीअर नेमला गेला. काम फारसे नव्हते. यंत्रे नीट चालत असली की देखभाल करणाऱ्याला दिवस खायला उठतो.

वेळ जात नाही म्हणून योकोई यांनी कारखान्यातल्या साहित्यातून एक खेळणे केले. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्टय़ा, हातातली मूठ दाबली की पुढे लांबत जाणाऱ्या आणि टोकाच्या चिमटय़ाने वस्तू पकडणाऱ्या. नेमके तेव्हाच यामाउची फेरी मारायला आले आणि त्यांच्या नजरेस ते पडले. साहेबांनी बोलावणे धाडले. कामचुकारपणाबद्दल खरडपट्टी निघणार असे योकोई यांना वाटत होते. झाले उलटेच. हे खेळणे विकण्याजोगे करून द्या, असा हुकूम मिळाला. ‘अल्ट्रा हॅण्ड’ या नावाने ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक विकले गेले. पत्त्यांच्या कंपनीला खेळण्यांचा विभाग मिळाला आणि देखभालीच्या माणसाला त्या विभागाचे काम.

फक्त डावीकडे वळणारी मोटार...

पुढच्या काही वर्षांत योकोई यांच्या टेबलावरून खेळण्यांची रांगच बाहेर पडली. घरात खेळता येईल असा हलका चेंडू फेकणारे यंत्र आले. मग १९६९ मध्ये ‘लव्ह टेस्टर’ आला. दोघांनी एकेक मूठ धरायची आणि मोकळ्या हातांनी एकमेकांचा हात धरायचा; अंगातून जाणाऱ्या किंचितशा विजेने काटा हलणार आणि तो प्रेमाचे प्रमाण दाखवणार. शास्त्र इतकेच, की त्वचेतून वीज किती सहज वाहते हे त्यात मोजले जाई. घामेजलेला हात काटा वर नेतो आणि आवडत्या माणसाचा हात धरला की घाम फुटतो, तेव्हा उपकरण अगदीच खोटे होते असेही नाही. मुलींचा हात धरायला निमित्त हवे होते, हे योकोई यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

त्यांची विचारपद्धती समजून घ्यायला ‘लेफ्टी आरएक्स’ हे १९७२ मधले खेळणे सर्वात उपयोगी. रिमोटवर चालणाऱ्या मोटारी तेव्हा इतक्या महाग होत्या की सामान्य घरातल्या मुलाने त्या दुकानाच्या काचेतूनच बघाव्यात. पुढे, मागे, डावे, उजवे अशा प्रत्येक आज्ञेसाठी यंत्रणा वाढत जाई आणि तिच्याबरोबर किंमत. योकोई यांनी बाकी सगळे काढून टाकले. त्यांची गाडी सरळ जाई आणि बटण दाबले की डावीकडे वळे. बस्स. पण शर्यतीच्या गोल मार्गावर गाडय़ा एकाच दिशेने तर फिरतात! उजवे वळण नसल्याची उणीव मुलांना जाणवलीही नाही.

या पद्धतीला योकोई यांनी पुढे एक नाव दिले. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर, कोमेजलेल्या तंत्रज्ञानाकडे आडव्या दिशेने पाहणे. कोमेजलेले म्हणजे टाकाऊ नव्हे. ज्याची नवलाई संपली आहे, जे भरपूर बनते म्हणून स्वस्त झाले आहे आणि ज्याच्या खोडय़ा सगळ्यांना पाठ आहेत असे. असे तंत्र ज्या कामासाठी जन्माला आले ते सोडून दुसऱ्याच कामाला लावायचे. अत्याधुनिक तंत्रात आपण तज्ज्ञांच्या तोडीचे नाही, हे योकोई जाणून होते आणि त्याचा त्यांना संकोच नव्हता. कमीपणातून आलेले हे शहाणपण त्यांनी पुढे रीतसर कंपनीचे धोरण करून टाकले.

बदके, बंदूक आणि भारतातली ‘कॅसेट’

शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा प्रकाश ओळखणारे सौर सेल विकायला निन्टेन्डोत येत. सौर सेल म्हणजे वीज बनवायची वस्तू, हे जगाचे मत. योकोई यांना त्यात नेमबाजीचे लक्ष्य दिसले. बंदुकीत दिवा बसवायचा, चाप ओढला की प्रकाशाचा झोत क्षणभर सुटतो, लक्ष्यातल्या सेलवर पडला की बाटली फुटल्यासारखी उडते. १९७० मध्ये आलेली ही प्रकाशाची बंदूक जोरात खपली. उएमुरा पुढे निन्टेन्डोतच दाखल झाले आणि कंपनीचा टीव्हीला जोडायचा कन्सोल त्यांनीच घडवला.

याच कल्पनेचे मोठे रूप म्हणजे १९७३ ची ‘लेझर क्ले शूटिंग’ ही व्यवस्था. ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत भिंतीवर उडत्या चकत्या दाखवायच्या आणि लोकांनी त्या टिपायच्या. मागणी जोरात आली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेलसंकट कोसळले. करमणुकीवरचा खर्च जपानी व्यावसायिकांनी सर्वात आधी कापला, नोंदवलेले करार रद्द झाले आणि निन्टेन्डो कर्जात रुतली. योकोई यांच्या कल्पनेमुळे कंपनी गाळात जाण्याची ही पहिली वेळ. त्यांची नोकरी तरीही टिकली. १९७६ मध्ये त्यांनी तोच खेळ घरात आणला. भिंतीवर उडणारी बदके दाखवणारे एक यंत्र आणि एक बंदूक. नाव ‘डक हंट’.

१९८४ मध्ये योकोई यांच्या विभागाने याच ‘डक हंट’ची टीव्हीवर खेळायची आवृत्ती काढली आणि तिथे युक्ती उलटी झाली. आता बंदूक प्रकाश सोडत नव्हती, पाहत होती. चाप ओढताक्षणी पडदा डोळ्याला जाणवेल न जाणवेल इतका वेळ काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला काळ्यानंतर पांढरे दिसले तर नेम लागला, नाहीतर गवतातून कुत्रा वर येऊन हसणार. जुन्या डबा टीव्हीच्या पडद्यावर चित्र ज्या रीतीने रेखले जाई, त्यावर ही बंदूक अवलंबून होती. म्हणून आजच्या सपाट टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी ठरते.

महाराष्ट्रातल्या ज्या पिढीने नव्वदच्या दशकात दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत ‘व्हिडीओ गेम’ खेळला, तिला हा कुत्रा विसरता येणार नाही. निन्टेन्डोचे मूळ यंत्र फार थोडय़ा घरांत होते. बहुतेकांकडे त्याच्या स्वस्त नकला होत्या, एका ‘कॅसेट’मध्ये शेकडो गेम असल्याचा दावा करणाऱ्या. गेम सुरू झाला नाही की कॅसेट काढून फुंकायची आणि पुन्हा बसवायची. त्या नकलांबरोबर मिळणारी प्लास्टिकची बंदूक आणि रिमोटवरचे काळे अधिकचे चिन्ह या दोन्ही गोष्टी योकोई यांच्याकडून निघून, कसलीही परवानगी न घेता, आपल्या दिवाणखान्यात पोहोचल्या होत्या.

बुलेट ट्रेनमधल्या कॅल्क्युलेटरमधून काय निघाले?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस योकोई बुलेट ट्रेनने प्रवास करत होते. समोरचा नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. मोठय़ा माणसाला चारचौघांत वेळ घालवायला काहीतरी हवे आहे आणि ते इतके लहान हवे की कोणाच्या लक्षात येऊ नये, असे योकोई यांना वाटले. काही दिवसांनी यामाउची यांचा चालक आजारी पडला. साहेबांची गाडी परदेशी, डाव्या बाजूला चाक असलेली. तशी गाडी चालवण्याची सवय असलेला माणूस म्हणून योकोई यांना बोलावले गेले. बोलण्याच्या ओघात त्यांनी ही कल्पना सांगितली. यामाउची यांनी फारसा उत्साह दाखवला नाही. पण ज्या बैठकीला ते निघाले होते तिथे शार्पचे प्रमुखही होते आणि आठवडय़ाच्या आत शार्पची माणसे निन्टेन्डोच्या दारात आली.

शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरच्या किमतीवरून युद्ध झाले होते. त्यात एलसीडी आणि चिप मातीमोल झाल्या होत्या आणि कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवेच होते. कॅल्क्युलेटरवरचा आकडा सात पट्टय़ांनी बनतो. हव्या त्या पट्टय़ा काळ्या केल्या की हवा तो आकडा. योकोई यांनी पट्टय़ांच्या जागी चित्रे ठेवली. चेंडू झेलणाऱ्याचे हात तीन ठिकाणी, चेंडू वाटेतल्या ठरावीक जागी. एकेक चित्र क्रमाने उजळले-मावळले की हालचालीचा भास होतो. बाकी काम चिपचे. चिपला वेळ मोजावाच लागतो, तर फुकटात घडय़ाळही देऊन टाका, म्हणून नाव ‘गेम अँड वॉच’.

पहिला गेम ‘बॉल’ एप्रिल १९८० मध्ये आला. किंमत ५,८०० येन. पडद्यावर काच आणि थराच्या चिकटण्याने इंद्रधनुषी वर्तुळे उमटत होती. थरावर बारीक उंचवटे देऊन ती घालवली गेली. पुढे अकरा वर्षांत जगभर चार कोटी ३० लाखांहून अधिक ‘गेम अँड वॉच’ विकले गेले. योकोई यांनी ते मोठय़ा माणसांसाठी केले होते. ते ओरबाडले मुलांनी. तेलसंकटाने लादलेले कर्ज या एका खेळण्याने फिटले आणि टीव्हीच्या कन्सोलवर उडी घेण्याइतका पैसा निन्टेन्डोच्या हाती आला.

अधिकच्या चिन्हाची गोष्ट

१९८१ मध्ये अमेरिकेतली निन्टेन्डोची शाखा बुडण्याच्या बेतात होती. ‘रडार स्कोप’ नावाच्या आर्केड यंत्रांचा ढीग गोदामात पडून होता. त्याच यंत्रांत घालता येईल असा नवा गेम करण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला मिळाले आणि देखरेखीसाठी योकोई यांना नेमले. त्यातून ‘डाँकी काँग’ निघाला, उडय़ा मारणारा मिशीवाला सुतार निघाला आणि तोच पुढे मारिओ झाला. दोघांनी मिळून १९८३ चा ‘मारिओ ब्रदर्स’ केला तेव्हा एका मुद्दय़ावर मतभेद झाला. ‘डाँकी काँग’मध्ये थोडय़ा उंचीवरून पडला तरी नायक मरे. मारिओ कितीही उंचावरून पडला तरी त्याला काही होऊ नये, असे योकोई यांनी सुचवले. मग गेममध्ये गेमपणा काय उरला, ही मियामोतो यांची शंका. योकोई यांचे म्हणणे राहिले. मारिओच्या पुढच्या सगळ्या मनमुराद उडय़ांचा पाया तो निर्णय आहे.

‘डाँकी काँग’ची खिशातली, दोन पडद्यांची आणि डबीसारखी मिटणारी आवृत्ती १९८२ मध्ये काढायची ठरली तेव्हा अडचण आली. आर्केडच्या यंत्राला उभी दांडी असते. मिटणाऱ्या डबीत दांडी मावत नाही. चार दिशांना चार सुटी बटणे दिली तर अंगठय़ाला कोणते कुठे हे कळत नाही आणि नजर पडद्यावरून हटते. योकोई यांनी चारही बटणे जोडून अधिकच्या आकाराचा एकच तुकडा केला आणि तो मधोमध टेकूवर ठेवला. एक बाजू दाबली की समोरची वर उचलली जाते, म्हणजे अंगठा न उचलता, न बघता दिशा कळते. पुढच्याच वर्षी उएमुरा यांच्या पथकाने तोच तुकडा नव्या ‘फॅमिकॉम’ कन्सोलच्या रिमोटवर बसवला. निन्टेन्डोने त्याचे पेटंट घेतले, म्हणून स्पर्धकांनी कधी गोल चकती, कधी चार सुटे दिसणारे तुकडे असे आडवळण घेतले. पण अंगठय़ाची जागा तीच राहिली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ योकोई यांचा गेम नव्हे, तो मियामोतो यांच्या विभागाचा. मात्र तो खेळणाऱ्या प्रत्येकाचा डावा अंगठा योकोई यांच्या कल्पनेवर टेकलेला होता.

रोबोट कशासाठी हवा होता?

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडीओ गेमचा बाजार कोसळला. सुमार गेमचा पूर आला होता, अटारीला न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुराव्या लागल्या. दुकानदार व्हिडीओ गेम हा शब्द ऐकायला तयार नव्हते. निन्टेन्डोला तर फॅमिकॉम ‘एनईएस’ या नावाने तिथेच विकायचा होता. मग योकोई यांनी ‘रॉब’ नावाचा छोटा रोबोट केला. तो टीव्हीसमोर बसायचा, पडद्याच्या लुकलुकण्यातून आज्ञा घ्यायचा आणि समोरच्या चकत्या, भोवरे उचलून ठेवायचा. बंदुकीचीच युक्ती, नवे रूप. रॉबसाठी अवघे दोन गेम निघाले आणि खरे सांगायचे तर ते कंटाळवाणे होते. पण त्याला बघून दुकानदारांनी एनईएस हे खेळणे मानले आणि फडताळावर जागा दिली. १९८५ च्या अखेरीस न्यू यॉर्कमधून विक्री सुरू झाली. रोबोट लवकरच अडगळीत गेला, कन्सोलची विक्री अखेर सहा कोटी १९ लाखांपर्यंत पोहोचली. याच काळात योकोई यांच्या विभागातून ‘मेट्रॉइड’ आणि ‘किड इकारस’ बाहेर पडले. ‘मेट्रॉइड’च्या चिलखतातला योद्धा शेवटी स्त्री निघतो, ही त्या काळात खेळणाऱ्यांना चकित करणारी गोष्ट होती.

फिका, हिरवट पडदा का जिंकला?

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय आला. किंमत १२,५०० येन. सातोरू ओकादा यांच्यासारखे पक्के इंजिनीअर योकोई यांच्या जोडीला होते आणि यंत्र खेळण्यासारखे ठिसूळ न करता दमदार करावे, याचे श्रेय ओकादा यांचेही आहे. पण धोरण योकोई यांचे. पडदा हिरवट, त्यावर करडय़ाच्या चार छटा, मागून उजेड नाही. आतला प्रोसेसर सत्तरच्या दशकातल्या घराण्याचा, शार्पने बनवलेला. अटारीचा ‘लिंक्स’ त्याच वर्षी आला, सेगाचा ‘गेम गिअर’ पुढच्या वर्षी. दोघांचेही पडदे रंगीत, उजेडाचे. शेजारी ठेवले तर गेम बॉय गरीब नातेवाईक दिसावा. स्पर्धक रंगीत यंत्र आणत आहेत हे कळल्यावर योकोई यांना म्हणे हायसे वाटले.

त्यामागे साधे गणित होते. रंगीत, उजळ पडदा विजेला हापापलेला असतो. लिंक्स आणि गेम गिअरला सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल, आणि ते दहा-पंधरा तास, कधी त्याहून जास्त चालत. मूल गाडीच्या मागच्या सीटवर बसून आजोळी निघाले आहे आणि सेलचे पैसे आई-बाबा देणार आहेत, हे लक्षात घेतले तर दुसरा कोणताही आकडा महत्त्वाचा नाही. अमेरिकेत गेम बॉय ९० डॉलरच्या आत मिळे, लिंक्स दुप्पट किमतीला. गेम बॉय पडला, आपटला तरी चाले. आखाती युद्धात छावणीच्या आगीत होरपळलेला, कवच वितळलेला एक गेम बॉय न्यू यॉर्कच्या निन्टेन्डो दुकानात अनेक वर्षे चालू स्थितीत मांडलेला होता.

अमेरिकेत त्याच्याबरोबर ‘टेट्रिस’ दिला गेला. सोव्हिएत संघातल्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांच्या या गेमला रंग लागत नाही, वेग लागत नाही, भाषा लागत नाही. बुलेट ट्रेनमधला तो कंटाळलेला नोकरदार योकोई यांना अखेर इथे सापडला, कारण ‘टेट्रिस’ने गेम बॉय मोठय़ा माणसांच्या बॅगेत नेला. दोन यंत्रे वायरने जोडायची सोयही त्यात होती. या वायरीतून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जात आहेत, असे चित्र सातोशी ताजिरी यांच्या डोक्यात आले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ आला, जेव्हा गेम बॉय संपला असे सगळे धरून चालले होते. रंगीत आवृत्ती धरून गेम बॉयची एकूण विक्री ११ कोटी ८६ लाखांच्या पुढे गेली.

लाल रंगाचा पराभव कोणाचा?

योकोई यांच्या कीर्तीला लागलेला डाग म्हणजे ‘व्हर्च्युअल बॉय’. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपनीने लाल दिव्यांची एक उभी ओळ आणि थरथरणारा आरसा यांतून डोळ्यासमोर चित्र उभे करण्याची युक्ती काढली होती. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवली की खोली भासते. योकोई यांना हे भावले. सगळे गेम चकचकीत आणि एकसारखे होत चालले असताना काळ्याकुट्ट पोकळीत नेणारे काही करावे, ही त्यांची ओढ होती. लाल दिवेच का, तर ते स्वस्त आणि कमी वीज खाणारे. म्हणजे सूत्र तेच होते.

मग बिनसले कुठे? डोक्यावर चढवायचे यंत्र वाटेत टेबलावरच्या दोन पायांवर आले, कारण डोळ्यांना वा डोक्याला इजा झाली तर जबाबदारी कोणाची ही धास्ती होती. त्यामुळे ते ना टीव्हीसमोरचे राहिले, ना खिशातले. खेळणाऱ्याने वाकून डोळे खुपसायचे आणि शेजारच्याला काहीच दिसायचे नाही. सात वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, मधून मधून थांबा, अशा सूचना डब्यावरच होत्या. त्या वाचून कोणते पालक ते विकत घेणार? डोके दुखते, मान अवघडते ही तक्रार सर्रास झाली. जुलै १९९५ मध्ये जपानमध्ये आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत आलेले हे यंत्र वर्षभरात बाजारातून गेले. अवघे २२ गेम, विक्री सुमारे पावणेआठ लाख.

त्या वेळी निन्टेन्डोचे सगळे लक्ष आणि बळ येऊ घातलेल्या ‘निन्टेन्डो ६४’कडे लागले होते, हे खरे. पण योकोई यांची चूक नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. लेफ्टी आरएक्सला उजवे वळण नव्हते, गेम बॉयला रंग नव्हता आणि दोन्ही उणिवा खेळताना विसरायला होत असत. व्हर्च्युअल बॉयचा लाल रंग खेळताना विसरता येत नव्हता. काय काढून टाकायचे हे ज्यांना इतरांपेक्षा चांगले कळत होते, त्यांनी या वेळी चुकीची गोष्ट काढून टाकली.

निन्टेन्डो का सोडली?

१५ ऑगस्ट १९९६ रोजी, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, योकोई यांनी राजीनामा दिला. अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना बाजूला सारले, ही कथा तेव्हापासून फिरते आहे. खुद्द योकोई यांनी त्याच वर्षी एका जपानी मासिकात लिहून ती नाकारली. पन्नाशीनंतर स्वत:चे काही करायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते. इतके मात्र दिसते, की पराभव मागे टाकून ते लगेच गेले नाहीत. आधी ‘गेम बॉय पॉकेट’ पूर्ण केला. लहान, सडपातळ, हिरवटपणा गेलेला पडदा आणि दोनच बारीक सेल. जुलैत तो बाजारात आला आणि चांगला खपला, पुढच्या महिन्यात योकोई बाहेर पडले.

क्योतोतच त्यांनी ‘कोतो’ ही छोटी कंपनी काढली. खेळणी बनवणाऱ्या बांदाईसाठी एका नव्या हातातल्या यंत्राची आखणी सुरू झाली. मागून उजेड नाही, रंग नाही, किंमत निन्टेन्डोपेक्षा कमी आणि या वेळी सेल फक्त एक.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी योकोई इशिकावा प्रांतातल्या होकुरिकु द्रुतगती मार्गावरून एका सहकाऱ्याच्या गाडीतून निघाले होते. गाडी पुढच्या ट्रकला मागून धडकली. फारसे लागले नव्हते. नुकसान बघायला दोघे खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने योकोई यांना उडवले. दोन तासांत त्यांचे निधन झाले. वय ५६.

बांदाईने ते यंत्र ‘वंडरस्वान’ या नावाने ४ मार्च १९९९ रोजी बाजारात आणले, किंमत ४,८०० येन. एका पेन्सिल सेलवर ते तीस तासांहून अधिक चाले. त्याच्यासाठी ‘कोतो’ने एक कोडय़ाचा गेम केला होता. वर सरकत येणाऱ्या तिरप्या रेघा डावीकडून उजवीकडे सलग जुळवायच्या, जुळल्या की ओळ नाहीशी होते. रंगाची गरज नाही, मोठय़ा पडद्याची नाही. त्या गेमचे नाव ठेवले होते ‘गुनपे’.